नाव वकील, काम डॉक्टरचं! सर्पगंधाच्या मुळीची परीक्षा घेणारे मुंबईचे रुस्तम जाल वकील

आठवडी बाजारात कोपऱ्याला चादर अंथरून जडीबुटीवाला बसलेला असतो. साखरेची पूड, मूतखड्याचा काढा, सांधेदुखीचं तेल, सगळं त्याच्याकडं असतं. हल्ली त्यात बीपीची मुळीही असते. इंग्रजी गोळीची सवय लागते, मुळीनं काही होत नाही, असं तो खात्रीनं सांगतो. आपल्यातले कितीतरी जण दवाखान्यातली गोळी बंद करून ती पूड घरी आणतात.

मंडळी, बीपी उतरवणारी मुळी खरंच आहे का? आहे. तिचं नाव सर्पगंधा. त्याच मुळीनं एकेकाळी अमेरिका-युरोपातल्या डॉक्टरांना रक्तदाबाचं औषध दिलं. पण ती बाजारातून उचलून कुणी जगात नेली नाही. मुंबईतल्या एका डॉक्टरनं आधी तिची परीक्षा घेतली, आकडे मांडले आणि मग जगानं तिच्याकडं पाहिलं. त्या डॉक्टरांचं नाव रुस्तम जाल वकील. आज त्यांचं नाव आपल्या भागात फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो.

लंडनला शिकले, परळला राबले

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी समाजातला. आडनाव वकील असलं तरी पेशा डॉक्टरचा. पारशी लोकांत अशी धंद्यावरून पडलेली आडनावं बरीच असतात. वैद्यकीचं शिक्षण त्यांनी लंडनला घेतलं. त्या काळात विलायतेत शिकलेल्या डॉक्टरला तिथंच राहायची संधी असायची. पण दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच ते मुंबईला परत आले आणि परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये काम करू लागले.

केईएमबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या गावातला अवघड पेशंट आजही तिथं जातो. हे हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं. इंग्रजांचं राज्य असताना मोठ्या सरकारी कॉलेजांत वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांना मिळायच्या. इथं मात्र देणगी देणाऱ्यांची अटच होती की शिकवणारे भारतीयच असावेत. गिरणगावाच्या मधोमध असल्यामुळं तिथं येणारा रोगी म्हणजे गिरणी कामगार, हमाल, कोकणातून आणि घाटावरून पोट भरायला आलेली माणसं.

वकील साहेबांचा विषय हृदयाचा. त्या वेळी भारतात हृदयरोग हा वेगळा विषय म्हणून नुकताच उभा राहत होता. पुढं जाऊन त्यांना भारतातल्या आधुनिक हृदयविज्ञानाचे जनक म्हटलं जाऊ लागलं.

बीपी म्हणजे ड्रिपचा काटा

पुढची गोष्ट कळायची तर रक्तदाब म्हणजे काय ते आधी पाहू. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लगेच समजेल. मोटर म्हणजे हृदय. मेन लाइन आणि लॅटरल म्हणजे रक्तवाहिन्या. फिल्टरजवळ जो प्रेशरचा काटा असतो तो म्हणजे बीपीचं मशीन. काटा फार वर गेला की पाणी जोरात येतंय म्हणून आपण खूश होत नाही. कुठंतरी जॉइंट सुटणार, पाइप फुटणार, मोटरवर ताण येणार हे आपल्याला माहीत असतं.

शरीरात तसंच होतं. हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा दाब खालचा आकडा. दोन्ही वर्षानुवर्षं जास्त राहिले की डोक्यातली रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते आणि लकवा मारतो. हृदय मोठं होऊन थकतं. मूत्रपिंडं खराब होतात. फरक इतकाच की ठिबकचा पाइप फुटला की दिसतो. शरीरातला दाब वाढलेला बहुतेकांना कळतही नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस नांगर धरतो, गोणी उचलतो आणि आपल्याला काही झालं नाही असं समजतो.

अमेरिकेच्या अध्यक्षालाही औषध नव्हतं

१९४० च्या दशकात बीपी मोजता येत होतं. दंडाला पट्टा बांधून मोजायची रीत तोवर चांगली रुळली होती. पण मोजून करायचं काय, हा प्रश्न होता. धड औषधच नव्हतं.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये त्यांचं बीपी तपासलं तेव्हा ते १८६/१०८ होतं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, हाताशी उत्तम डॉक्टर. उपाय काय, तर विश्रांती, मीठ कमी, सिगारेट कमी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. दाब उतरवणारं चांगलं औषध त्यांच्या डॉक्टरकडंही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या दिवशी मोजलेला आकडा ३०० च्या वर गेला होता. वय होतं ६३.

त्या काळातले बाकीचे उपायही ऐकण्यासारखे आहेत. एक उपाय म्हणजे नुसता भात, फळं आणि साखर खाऊन राहायचं, मीठ अजिबात नाही. अमेरिकेत डॉक्टर केम्पनर यांनी हा आहार चालवला. त्यानं कित्येकांचा दाब उतरायचा, पण महिनोन्महिने ते खाणं फार थोड्यांना जमायचं. दुसरा उपाय म्हणजे पाठीच्या कण्याशेजारचे मज्जातंतू मोठं ऑपरेशन करून कापून टाकायचे. गरिबाला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. शिवाय काही डॉक्टरांचं तर मत असं होतं की वाढलेला दाब शरीराला लागत असेल म्हणूनच वाढतो, त्याला हात लावू नये.

मुळी आपली, पण कागदावर नव्हती

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. एका पेरावर तीन-चार पानं, पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळसर जांभळी फळं. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत दमट, सावलीच्या जंगलात ते आढळतं. औषध असतं ते मुळीत, त्यातही मुळीच्या सालीत जास्त. साप-विंचू चावल्यावर, ताप आल्यावर, झोप लागत नसेल तर ही मुळी देत. बिहारकडं तर तिला वेड्यांचं औषध म्हणूनच ओळखत. भडकलेला माणूस त्यानं शांत होतो आणि झोपतो, हे लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं.

शास्त्रात तिचं नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन डॉक्टर. गंमत अशी की तो भारतात कधी आलाच नव्हता. झाडाला त्याचं नाव त्याच्या मागं दुसऱ्यानं दिलं.

या मुळीवर काम करणारे वकील पहिले नव्हते, हे इथं स्पष्ट सांगायला पाहिजे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं होतं की ही मुळी वेडाच्या झटक्यावर चालते आणि रक्तदाबही उतरवते. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी मुळीतली रसायनं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. १९३३ साली कलकत्त्यालाच डॉ. रामनाथ चोप्रा यांच्या गटानं प्राण्यांवर प्रयोग करून दाब उतरतो हे पाहिलं. १९३४ पासून तर सर्पगंधाची गोळी भारतात विकतही मिळत होती. मग अडलं कुठं?

हे सगळं भारतातल्या नियतकालिकांत छापलेलं होतं आणि बाहेर ते फार कुणी वाचत नव्हतं. जी माहिती होती तीही बरीचशी मोघम होती. मुळीनं अमक्याला गुण आला, तमक्याला बरं वाटलं. किती जणांना दिली, किती जणांचा दाब किती उतरला, कुणाचा उतरलाच नाही, त्रास काय झाला, याचा नीट हिशोब परदेशातल्या डॉक्टरसमोर गेला नव्हता.

१९४९ : पन्नास माणसांचा हिशोब

तो हिशोब वकील यांनी मांडला. बीपी कायम वाढलेलं असलेले ५० रोगी त्यांनी घेतले. दुसऱ्या कुठल्या आजारामुळं नव्हे, तर आपोआपच दाब वाढलाय असे हे रोगी. सगळ्यांना सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या आणि औषधाच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहिले.

चार आठवड्यांनी बेरीज केली तेव्हा बहुतेकांचा दाब उतरलेला होता. वरचा आकडा सरासरी २१ नं आणि खालचा सरासरी ११ नं कमी झाला होता. सगळ्यांना सारखा फरक पडला नव्हता. काहींचा भरपूर उतरला, काहींचा नावापुरता, तर काहींचा उतरलाच नाही. तेही त्यांनी लपवलं नाही.

आता आपण म्हणाल, ५० माणसं म्हणजे काय मोठं? एका गावच्या हळदीला याहून जास्त जमतात. बरोबर आहे. आजचे नियम लावले तर त्या चाचणीत कमतरताही आहे. निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन तुलना करायची पद्धत त्यात नव्हती. पण त्या वेळी या मुळीवर एवढा स्पष्ट हिशोब कुणी परदेशातल्या डॉक्टरांसमोर ठेवला नव्हता. हा लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या हृदयरोगाच्या नावाजलेल्या मासिकात छापून आला. देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

बोस्टन, बाझल आणि न्यूयॉर्क

अमेरिकेत बोस्टन शहरात डॉ. रॉबर्ट विल्किन्स नावाचे रक्तदाबाचे तज्ज्ञ होते. त्यांनी वकील यांचा लेख वाचला आणि भारतातून गोळ्या मागवल्या. १९५० पासून त्यांनी आपल्या रोग्यांना त्या देऊन पाहिल्या. दाब उतरला. सावकाश उतरला, बेताचा उतरला, पण उतरला. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. गोळी घेणारी माणसं निवांत झाली होती, त्यांची घालमेल कमी झाली होती. आपल्याकडची आजी ही मुळी झोप येत नाही म्हणून द्यायची, तीच गोष्ट बोस्टनला पुन्हा दिसली.

तिकडं स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतलं मुख्य रसायन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. हे फार महत्त्वाचं होतं. का, तर मुळीचं पीक सारखं येत नाही. एका डोंगरावरच्या मुळीत रसायन जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी. पावसाळ्यात वेगळं, थंडीत वेगळं. पुडीत किती औषध गेलं हे कुणी सांगू शकत नाही. रेसर्पिनची गोळी मात्र मोजून मापून करता येते. १९५६ साली अमेरिकेच्या वुडवर्ड यांनी ते रसायन प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं.

न्यूयॉर्कला नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं तेच औषध वेड्यांच्या इस्पितळात वापरलं. तोवर तिथं माणसं वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली असायची. या औषधानं आणि त्याच सुमाराला फ्रान्समधून आलेल्या क्लोरप्रोमझीननं त्यातले कितीतरी शांत झाले, बोलू लागले. मनाच्या आजाराला गोळीनं उतार पडू शकतो ही गोष्ट तेव्हा नवीनच होती.

१९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल त्याचं नाव घेतात. त्यात रक्तदाबावर सर्पगंधाचा पद्धतशीर अभ्यास केल्याबद्दल मुंबईचे रुस्तम जाल वकील होते. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइनही होते. म्हणजे एकाच मुळीनं दोन वेगळ्या रोगांसाठी माणसांना एकाच वर्षी तिथवर नेलं. पुढच्या वर्षी, १९५८ ला, विल्किन्स यांनाही तो पुरस्कार मिळाला आणि त्याच साली भारत सरकारनं वकील यांना पद्मभूषण दिलं.

मुळीची दुसरी बाजू

इथं थांबलो तर बाजारातल्या त्या जडीबुटीवाल्याचंच काम केल्यासारखं होईल. म्हणून पुढचंही सांगतो.

शरीरातल्या मज्जातंतूंच्या टोकाशी एक रसायन साठवलेलं असतं. ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात, छाती धडधडते. रेसर्पिन ही साठवण रिकामी करतं. म्हणून वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. पण तशीच रसायनं मेंदूतही असतात. तिथलीही साठवण रिकामी होते. औषध जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलेल्या काही रोग्यांना गळून गेल्यासारखं होऊ लागलं. झोप अनावर, नाक बंद, नाडी मंद. आणि काही जणांना मनाची अशी उदासी आली की जगण्यातच रस राहिला नाही. १९५० च्या दशकातच डॉक्टर हे लिहू लागले. मात्रा कमी करावी लागली. पुढं त्याहून कमी त्रासाची औषधं आली आणि रेसर्पिन मागं पडलं. आज आपल्याला दवाखान्यात मिळतात त्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या आहेत.

मग वकील यांचं काम वाया गेलं का? नाही. अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी निवृत्त सैनिकांवर एक मोठी तपासणी केली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेली १४३ माणसं त्यांनी घेतली. ७३ जणांना खऱ्या गोळ्या, ७० जणांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती आणि त्यातलं एक होतं रेसर्पिन, म्हणजे आपल्या सर्पगंधाचं सत्त्व. १९६७ साली निकाल छापला. खोटी गोळी घेणाऱ्या ७० पैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला, काही जण दगावलेही. खरी गोळी घेणाऱ्या ७३ पैकी असा त्रास फक्त २ जणांना झाला.

दाब उतरवला तर माणूस वाचतो, हे इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदाच दिसलं. वाढलेल्या दाबाला हात लावू नये म्हणणाऱ्यांचं तोंड तिथं बंद झालं. आज घरोघरी जी बीपीची गोळी रोज घ्यायला सांगतात, त्याच्या मागं हा हिशोब आहे. आणि त्या हिशोबाच्या सुरुवातीच्या पानांत परळच्या डॉक्टरचे ५० रोगी आहेत.

झटक्याआधीचा इशारा

वकील साहेब पुरस्कार घेऊन बसून राहिले नाहीत. त्यानंतर त्यांनी हार्टअटॅकच्या आधीच्या दिवसांचा अभ्यास केला.

चालताना छातीत दुखतं, थांबलं की राहतं, हा एक प्रकार. आणि हृदयाचा तुकडा निकामी होतो तो मोठा झटका, हा दुसरा. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते. दुखणं वाढत जातं, बसल्या जागीही दुखतं, पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहतं, पण अजून मोठा झटका आलेला नसतो. वकील यांनी अशा रोग्यांचा पाठपुरावा केला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर अमेरिकेच्या हृदयरोगाच्या मासिकांत लिहिलं. त्यांचं सांगणं असं होतं की हा झटक्याआधीचा इशारा आहे. त्याच वेळी रोग्याला झोपवून ठेवलं, रक्त गोठू नये म्हणून औषध दिलं, तर पुढचा झटका टाळण्याची आशा वाढते.

आज डॉक्टर याच अवस्थेला वेगळं नाव देतात आणि असा रोगी आला की ताबडतोब दाखल करून घेतात. आपल्याकडं मात्र छातीत दुखलं की अजून पित्त म्हणून सोडा पितात आणि झोपतात. सकाळी मग गाडी शोधायची वेळ येते.

पुस्तकातून घराघरातल्या डॉक्टरपर्यंत

वकील यांनी डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर रोग्याला हातानं, डोळ्यांनी, कानानं कसं तपासायचं यावर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक वाचून एमबीबीएसच्या मुलांच्या पिढ्या शिकल्या. तालुक्याच्या गावाला ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षं दवाखाना चालवला, त्या जुन्या डॉक्टरांना विचारून पाहा. गोलवाला हे नाव त्यांच्या लगेच ओळखीचं निघेल. मशीन नसताना नाडी धरून, छातीला नळी लावून रोग ओळखणं ही त्या पिढीची विद्या होती.

१९७४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, डॉ. रुस्तम जाल वकील यांचं निधन झालं.

झुडपाचं काय झालं

शेतकरी म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५० च्या दशकात जगभरातून मुळीला मागणी आली आणि आपल्या जंगलांतून ती उपसली जाऊ लागली. मुळी काढायची म्हणजे झाड मुळासकट गेलं. बी उगवतं तेही कमी, आणि मुळी हाताला येईपर्यंत दीड ते तीन वर्षं जातात. सरकारला निर्यातीवर बंधनं आणावी लागली. मग परदेशी कंपन्या आफ्रिकेत कांगोकडं वळल्या. तिथं सर्पगंधाच्याच भावकीतलं मोठं झाड सापडलं. आज सर्पगंधाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जागतिक करारानं नियंत्रणाखाली आहे. जंगलात दिसलं तर उपटू नका.

तात्यांची पुडी

शेवटी घरचंच एक सांगतो. आमच्या भावकीतले एक तात्या. तालुक्याच्या शिबिरात त्यांचं बीपी १८० निघालं, गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत आकडा खाली आला. मग त्यांनी विचार केला, आता बरं वाटतंय, कशाला रोजची कटकट? गोळी बंद केली आणि बाजारातून पूड आणली. ती सर्पगंधाची होती की आणखी कशाची, कुणाला ठाऊक. सात-आठ महिन्यांनी उसाला पाणी देताना बांधावरच उजवी बाजू गेली. आज ते खाटेवर आहेत, बोलणं तुटक आहे. त्या आठ महिन्यांत त्यांचं बीपी एकदाही कुणी मोजलं नव्हतं.

वकील साहेबांची गोष्ट मला तिथं आठवते. त्यांनी मुळीला नावं ठेवली नाहीत आणि तिची आरतीही ओवाळली नाही. त्यांनी मोजलं. देण्याआधी मोजलं, दिल्यावर मोजलं, आणि ज्याचा उतरला नाही त्याचंही लिहिलं. तात्यांच्या पुडीचा असा हिशोब कुणी केला होता?

तेव्हा गावकऱ्यांनो, एवढं करा. तिशीच्या पुढं गेला असाल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्या. पैसे लागत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्यावर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. बरं वाटतंय ते त्या गोळीमुळंच. आणि कुणी मुळी, पूड, काढा घ्यायला सांगितला तर डॉक्टरांना ते सांगा, लपवू नका. छातीत दुखणं वाढत चाललं असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आशाताई घरी आल्या की पुढच्या वेळी म्हाताऱ्यांबरोबर तुमचाही आकडा एकदा कार्डावर लिहून घ्या.